जुन्या मोटरहोममध्ये दुसरी बॅटरी बसवताना काय काय बघावं लागतं?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात क्वार्टझाइट नावाचं एक छोटं वाळवंटी गाव आहे. हिवाळा लागला की गावाबाहेरच्या सरकारी माळरानावर मोटरहोमची मोठी वस्ती उभी राहते. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथे नाममात्र पैसे भरून मुक्काम करता येतो. गाडीजवळ विजेचा खांब नाही, नळ नाही, सगळीकडे खडी आणि काटेरी झुडपं. दिवसा ऊन छान असतं, पण रात्री पारा झपाट्याने उतरतो. अशा एखाद्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, तीस वर्षं जुन्या गाडीत झोपलेल्या माणसाला थंडीने जाग येते. हीटरचा पंखा घरघरत असतो, पण येणारी हवा गार असते. गॅसची टाकी तर भरलेली आहे. मग बिघडलं काय?

बहुतेक वेळा हीटर बिघडलेला नसतो, बॅटरी उतरलेली असते. मोटरहोमचा हीटर गॅसवर जळतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो. पंख्याच्या वाटेत एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पुरेशी हवा वाहू लागली की ती ढकलली जाते, आतला स्विच लागतो आणि त्यानंतरच गॅस सुटून ठिणगी पडते. ही सुरक्षेची सोय आहे, कारण हवा नसताना जाळ पेटला तर धोका. बॅटरी उतरली की पंखा मंद होतो, पट्टी पुरती हलत नाही, गॅस सुटत नाही. गंमत म्हणजे पंखा मात्र फिरतच राहतो आणि बॅटरीत उरलंसुरलं तेही संपवतो.

मग काही जण गाडीतली गॅसची शेगडी पेटवून ऊब घेतात. बंद गाडीत हे फार धोक्याचं आहे, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्यातच गॅसगळतीची सूचना देणारा डिटेक्टरही बहुतेक गाड्यांत याच बॅटरीवर चालतो. म्हणजे तो गप्प होण्याची वेळ आणि शेगडी पेटवण्याची वेळ एकच.

अशी एक रात्र काढली की गाडीचा मालक दुसऱ्या बॅटरीच्या शोधाला लागतो. हौशी प्रवाशांपुरता हा विषय राहिलेला नाही. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ सालच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकातून आणि त्यावरच्या ऑस्कर विजेत्या चित्रपटातून जगाला दिसलेली माणसं अशा जुन्या गाड्यांतच राहतात. त्यांच्यासाठी ही बॅटरी म्हणजे घरातली वीज.

एका गाडीत दोन संसार

मोटरहोममध्ये विजेची दोन वेगळी घराणी असतात. पहिली बॅटरी इंजिनची. सेल्फ मारताना काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि मग अल्टरनेटरकडून भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्या आत पातळ पत्र्यांची गर्दी असते. दुसरी बॅटरी घराची. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फ्रिजचं कंट्रोल बोर्ड हे सगळं तिच्यावर. तिला थोडा थोडा करंट तासन्‌तास द्यायचा असतो आणि खोलवर उतरून पुन्हा भरायचं असतं. म्हणून तिचे पत्रे जाड असतात. हिला अमेरिकेत ‘हाउस बॅटरी’ म्हणतात. ब्रिटनमध्ये हिलाच ‘लेझर बॅटरी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः फुरसतीची बॅटरी. लेझर किरणांशी तिचा काही संबंध नाही.

इंजिनची बॅटरी घराच्या कामाला लावली तर ती काही दिवस चालते आणि मग कायमची बसते. दुकानात स्वस्त मिळाली म्हणून अशी बॅटरी ‘दुसरी’ म्हणून जोडणं हा सगळ्यात महागात पडणारा स्वस्ताईचा प्रकार आहे.

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन मोटरहोममध्ये घराची बॅटरी सहसा एकच असे. ‘ग्रुप २४’ या मापाची, साधारण ७० ते ८५ एएच क्षमतेची. त्या काळी लोक बहुतेक रात्री विजेची जोडणी असलेल्या तळावर काढत, त्यामुळे एवढी पुरत असे. आजचे मालक तीच गाडी घेऊन माळरानावर चार दिवस राहायला जातात. सोबत फोन, लॅपटॉप, कुणाचं झोपेत श्वासासाठी लागणारं मशीन. बॅटरी तेवढीच, खाणारी तोंडं वाढली.

आधी हिशेब, मग खरेदी

हिवाळ्यातल्या एका दिवसरात्रीचा खर्च मांडून बघू. जुन्या गाडीतला छताचा पिवळा बल्ब सुमारे १८ वॉटचा, म्हणजे १२ व्होल्टवर दीड अँपिअर. असे चार बल्ब चार तास जळले की २४ एएच गेले. हीटरचा पंखा सुमारे ८ अँपिअर खातो. दहा तासांच्या रात्रीत तो एक तृतीयांश वेळ चालला तर २७ एएच. पंप दिवसात पाव तास चालला तर दीड. फ्रिजचं बोर्ड, डिटेक्टर वगैरे चोवीस तास लागलेल्या किरकोळ गोष्टी मिळून दहाएक. फोन-लॅपटॉपचे आठ. बेरीज ७० एएचच्या पुढे जाते.

आता जमेची बाजू. बॅटरीवर ८० एएच लिहिलं असलं तरी पाण्याची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये असा संकेत आहे. हा काही निसर्गनियम नाही. एखाद्या वेळी ७० टक्के उतरली म्हणून ती मरत नाही. पण जितकी खोल उतरवाल तितक्या कमी फेऱ्या ती आयुष्यात देते आणि निम्म्यावर थांबलं तर पैशांचा मोबदला बरा मिळतो. म्हणजे हातात आहेत ४० एएच आणि खर्च ७०. पहाटे तीन वाजता हवा गार का येते, हे यातून कळतं.

दुसरी बॅटरी जोडली की वापरण्याजोगे ८० एएच होतात आणि एक रात्र नीट निघते. पण या हिशेबात दुसरी एक गोष्ट डोळ्यात भरते, ती म्हणजे बल्ब. त्याच होल्डरमध्ये बसणारे एलईडी लावले तर २४ एएचचा खर्च तीन-चारवर येतो. बॅटरीच्या किमतीच्या मानाने हे दिवे स्वस्त आहेत, त्यांचं वजन नाही आणि बसवायला पाना लागत नाही. दुसरी बॅटरी घ्यायचीच असेल तरी बल्ब आधी बदलावेत. दोन्ही केलं तर खर्च ५० आणि जमा ८०, म्हणजे दीड रात्रीची सोय.

दीडच रात्र, कारण दुसरी बॅटरी वीज तयार करत नाही. ती फक्त साठवते. दुसऱ्या दिवशी ती कशाने भरणार, याचं उत्तर नसेल तर एक मोठी रिकामी टाकी घरात आणली एवढंच होतं. चांगल्या उन्हात १०० वॉटचं एक सोलर पॅनेल दिवसाला साधारण २५ ते ३० एएच देतं. हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि ऊन तिरपं, त्यामुळे थोडं कमीच धरावं.

सिरीज की पॅरलल?

महाराष्ट्रात इन्व्हर्टरवाल्या घरांत दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. मोठ्या इन्व्हर्टरला बऱ्याचदा २४ व्होल्ट लागतात, म्हणून तिथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला. व्होल्टेज दुप्पट होतं, एएच तेवढेच राहतात. हीच जोडणी मोटरहोममध्ये केली तर १२ व्होल्टच्या पंपाला, दिव्यांना, हीटरच्या बोर्डाला २४ व्होल्ट मिळतील आणि काही क्षणांत धूर निघेल.

मोटरहोममध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये जोडतात. पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला, निगेटिव्ह निगेटिव्हला. व्होल्टेज १२ च राहतं, एएच दुप्पट होतात. यात एक छुपा फायदाही आहे. बॅटरीतून करंट जितका जोरात ओढाल तितकी तिची एकूण क्षमता घटते, हे विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडलं होतं. दोघींनी भार वाटून घेतला की प्रत्येकीतून निम्माच करंट जातो, त्यामुळे जड कामात दोन बॅटऱ्या दुपटीहून थोडं जास्तच देतात.

अमेरिकेत आणखी एक वाट लोकप्रिय आहे. गोल्फच्या मैदानावर फिरणाऱ्या विजेच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दणकट बॅटऱ्या असतात. अशा दोन सिरीजमध्ये जोडल्या की १२ व्होल्ट होतात आणि साधारण २०० ते २३० एएच मिळतात. रोज खोल उतरण्यासाठीच बनवलेल्या असल्याने त्या टिकतातही जास्त. दोन अडचणी आहेत. त्या उंच असतात, जुन्या पेटीत मावत नाहीत. आणि दोघींपैकी एक गेली की ६ व्होल्टवर काहीच चालत नाही. पॅरललमध्ये एक बॅटरी गेली तर ती काढून ठेवून दुसरीवर घरी पोहोचता येतं. गावापासून लांब राहणाऱ्याने याचा विचार करावा.

नवीचा संसार जुनीबरोबर मांडू नये

‘आहे ती बॅटरी चालू आहे, तिच्या शेजारी नवी जोडू’ हा सगळ्यांच्या मनात येणारा पहिला विचार. पॅरललमधल्या दोन बॅटऱ्या सतत एकमेकींचं व्होल्टेज सारखं करत असतात. जुनी स्वतःहून लवकर उतरते, नवी तिला भरत राहते. चार्जिंगच्या वेळी जुनी लवकर भरल्यासारखी वागते आणि नवी अर्धपोटी राहते. अर्धपोटी राहिलेल्या लेड बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचे खडे घट्ट धरतात आणि तिची क्षमता जाते. वर्षभरात दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या होतात.

खरा धोका जुनीचा एखादा सेल शॉर्ट झाला तर असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. एक गेला की ती साडेदहा व्होल्टच्या आसपास येते आणि शेजारची चांगली बॅटरी आपली सगळी ताकद तिच्यात ओतू लागते. जुनी तापते, उकळते, हायड्रोजन सोडते. हे सगळं गाडी उभी असताना, सगळे झोपलेले असताना होऊ शकतं.

म्हणून दोन्ही बॅटऱ्या एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी विकत घेतलेल्या असाव्यात. सहाएक महिन्यांची, नीट सांभाळलेली बॅटरी असेल तर तशीच दुसरी आणून जोडणं चालू शकतं. चार वर्षांच्या बॅटरीला जोडीदार शोधू नये.

जागा: पायरीखालची पेटी आणि हायड्रोजन

जुन्या अमेरिकन गाड्यांत बॅटरी अनेकदा दारातल्या पायरीखाली असते. पायरी उचलली की खाली लोखंडी तबकात ती बसवलेली दिसते. तबक एकाच बॅटरीच्या मापाचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीस वर्षं ॲसिडचे थेंब आणि रस्त्यावरचं पाणी खाऊन ते बहुधा गंजलेलं असतं. एका बॅटरीचं वजन २० ते २५ किलो, गोल्फवाल्या दोन बॅटऱ्यांचं ५५ ते ६० किलो. वजन वाढवण्याआधी पेचकसाने तबक टोचून बघावं. पत्रा भुसभुशीत लागला तर आधी वेल्डरकडे.

दुसरी जागा शोधताना वास, जागा, सोय यांआधी हवेचा विचार करावा लागतो. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो फक्त ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. त्यामुळे ती झोपायच्या किंवा बसायच्या जागेत उघडी ठेवता येत नाही. बाहेरून उघडणारा कप्पा किंवा बाहेर नळी काढलेली बंद पेटी हवी. हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्याने त्याची वाट पेटीच्या वरच्या बाजूला ठेवतात.

स्वयंपाकाचा गॅस याच्या अगदी उलट वागतो. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि गळला तर खाली साचतो, म्हणून गॅसच्या कप्प्याची जाळी तळाशी असते. ‘गॅसच्या टाकीशेजारी थोडी जागा रिकामी आहे’ म्हणून तिथे बॅटरी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. बॅटरीचं टर्मिनल सैल झालं की ठिणगी पडते. गॅसच्या कप्प्यात ठिणगीला जागा नाही, मग कितीही जागा रिकामी असो.

आतच ठेवायची असेल तर एजीएम प्रकारची बॅटरी घेतात. तिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, पाणी घालावं लागत नाही आणि नेहमीच्या वापरात ती वायू जवळजवळ सोडत नाही. किंमत बरीच जास्त. आणि ‘सीलबंद आहे’ म्हणून तिला हवाबंद डब्यात कोंडायचं नसतं. जास्त चार्ज झाली तर तिचाही व्हॉल्व्ह उघडतो.

दोन बॅटऱ्या शक्यतो शेजारी असाव्यात. एक पायरीखाली आणि एक गाडीच्या मागच्या कप्प्यात असेल तर मधली लांब केबल व्होल्टेज खाते. ५० अँपिअर जात असताना, जाऊन-येऊन चार मीटर लांबीच्या ८ चौरस मिलिमीटर केबलमध्ये ०.४ व्होल्ट वाया जातात. ऐकायला थोडे वाटतात, पण बॅटरी भरलेली आणि निम्मी उतरलेली यांतलं अंतरच मुळात तेवढं आहे. ३४ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हाच तोटा ०.१ व्होल्टवर येतो.

तिरकी जोडणी आणि फ्यूज

पॅरललमध्ये जोडताना गाडीकडे जाणाऱ्या दोन्ही मुख्य वायरी एकाच बॅटरीवरून काढल्या, तर ती बॅटरी जास्त राबते आणि दुसरी मागे राहते. कारण दुसरीचा करंट मधल्या दोन केबल ओलांडून येतो आणि प्रत्येक केबलला थोडा अडथळा असतोच. उपाय साधा आहे. पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून काढायचा, निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून. मग दोघींची वाट सारख्या लांबीची होते. यात एक पैसाही जास्त लागत नाही, तरी अनेक गाड्यांत हे केलेलं नसतं.

फ्यूजच्या बाबतीत काटकसर नको. बॅटरीच्या तोंडाशी वायर शॉर्ट झाली तर लेड बॅटरी क्षणभर हजाराहून जास्त अँपिअर देऊ शकते. वायर लालभडक होते आणि तिच्याभोवती असतं लाकूड, फोम आणि फायबर. मोटरहोम पेटायला लागलं की फार वेळ देत नाही. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, वीतभर अंतराच्या आत, स्वतंत्र फ्यूज हवा. फ्यूज किती अँपिअरचा, हे केबल ठरवते. केबलला सोसवतं त्याहून मोठा फ्यूज म्हणजे फ्यूज नसल्यासारखंच. दोघींना वेगवेगळा फ्यूज असला की एकीचा सेल शॉर्ट झाल्यावर दुसरीचा मोठा लोंढा तिथेच तुटतो.

तीस वर्षांच्या गाडीत आधीच्या मालकांनी काय काय जोडून ठेवलंय, याचा भरवसा नसतो. टर्मिनलवर चार-पाच बारीक वायरी कोंबलेल्या असतील तर प्रत्येक कुठे जाते हे शोधून, चिठ्ठी लावून, मगच पुढे जावं. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मे बिघाड इथेच सापडतात.

खरी अडचण: भरायची कशाने?

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो.

गाडी तळावरच्या विजेला जोडली की कन्व्हर्टर नावाची पेटी घरगुती विजेचं १२ व्होल्टमध्ये रूपांतर करते. जुने कन्व्हर्टर मुख्यतः दिवे चालवण्यासाठी केलेले होते, बॅटरी भरणं हे त्यांचं जोडकाम. त्यांतल्या काहींतून बॅटरीच्या वाट्याला जेमतेम पाच-दहा अँपिअर येतात. दोन बॅटऱ्यांत मिळून ८० एएच भरायचे तर ५ अँपिअरने सोळा तास, आणि शेवटचा भाग नेहमीच रेंगाळतो, म्हणजे त्याहून जास्त. सकाळी दोन तास जनरेटर लावून यातलं फार काही साधत नाही. शिवाय यांतले अनेक कन्व्हर्टर बॅटरी भरल्यावरही व्होल्टेज कमी करत नाहीत. गाडी महिनोन्‌महिने विजेला लावून ठेवली तर पाणी उकळून पत्रे उघडे पडतात.

नवे चार्जर तीन टप्प्यांत काम करतात. आधी जोरात भरतात, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवून करंट हळूहळू कमी होऊ देतात, आणि भरल्यावर १३.२ ते १३.६ वर नुसती राखण करतात. पाण्याच्या बॅटरीसाठी चार्जर तिच्या एएचच्या १० ते २० टक्के अँपिअरचा असावा. दोन बॅटऱ्यांचे १६० एएच होत असतील तर ३० अँपिअरच्या आसपासचा पुरे. जुन्याच पेटीत बसणारे नवे चार्जर मिळतात. हातात मोजके पैसे असतील आणि जुना कन्व्हर्टर अजून गाडीत असेल, तर दुसऱ्या बॅटरीच्या आधी हा बदलणं जास्त शहाणपणाचं. एकच बॅटरी असली तरी ती रोज पूर्ण भरते.

गाडी चालताना अल्टरनेटरही घराची बॅटरी भरतो. जुन्या गाड्यांत हे दोन पद्धतींनी होतं. एक डायोडचा आयसोलेटर. तो इंजिनची आणि घराची बॅटरी वेगळी ठेवतो, पण वाटेत सुमारे ०.७ व्होल्ट खातो. अल्टरनेटर १४.२ देत असेल तर बॅटरीपाशी साडेतेराच पोहोचतात. दुसरी पद्धत सोलेनॉइडची. किल्ली फिरवली की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, गाडी बंद केली की तोडतो. हा जळाला की लोक दुकानातून दिसायला तसाच, स्टार्टरचा सोलेनॉइड आणून लावतात. तो काही सेकंदांसाठी बनलेला असतो, इथे त्याला तासन्‌तास लागून राहायचं असतं. दोन रिकाम्या बॅटऱ्यांचा करंट जाऊ लागला की तो तापून चिकटतो. चिकटला की रात्री घरातले दिवे इंजिनची बॅटरीही उतरवतात, आणि सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. सतत चालण्यासाठीचा सोलेनॉइड वेगळा मिळतो, तोच मागून घ्यावा.

बऱ्याच मोटरहोममध्ये जनरेटरचा सेल्फही घराच्या बॅटरीवरच असतो. म्हणजे बॅटरी पूर्ण उतरली की ती भरणारा जनरेटरही सुरू होत नाही. यासाठी डॅशबोर्डवर एक दाबून धरायचं बटण असतं, ते तात्पुरती इंजिनची बॅटरी मदतीला जोडतं. जुन्या गाडीत ते चालतंय का, हे दिवसाढवळ्या तपासून ठेवलेलं बरं.

लिथियमचं काय?

हल्ली विचारला जाणारा प्रश्न हाच. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची १०० एएचची बॅटरी १२-१३ किलोची असते आणि तिच्यातले ८० टक्के किंवा जास्त सहज वापरता येतात. म्हणजे अशी एकच बॅटरी लेडच्या दोन बॅटऱ्यांच्या तोडीची, तीही निम्म्याहून कमी वजनात. जागा नसलेल्या जुन्या गाडीत हे फार आकर्षक आहे.

पण लेडच्या शेजारी पॅरललमध्ये लिथियम ही जोडी टाळावी. दोघींची भरण्या-उतरण्याची व्होल्टेज वेगळी आहेत, त्यामुळे एक कायम राबते आणि दुसरी बसून राहते. लिथियम घ्यायची तर ‘दुसरी’ म्हणून नव्हे, जुनीच्या जागी. शिवाय ती मिळेल तेवढा करंट गिळते. जुना अल्टरनेटर पूर्ण ताकदीने तास-दीड तास चालवला तर तापून जळू शकतो, म्हणून मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. घरच्या कन्व्हर्टरचंही तेच. आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही. चांगल्या बॅटरीतलं संरक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंग बंद करतं. थंडीत राहणाऱ्याने ती गाडीच्या आत, उबेत ठेवावी. या सगळ्याचा खर्च धरला की नुसत्या बॅटरीची किंमत बघून केलेला बेत बदलतो.

लेडलाही थंडी आवडत नाही. शून्य अंशाला तिची क्षमता सुमारे २० टक्के घटते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड जवळजवळ पाणीच झालेलं असतं, ते शून्याच्या थोड्याच खाली गोठतं आणि पेटी फुटते. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ४० अंशांतही गोठत नाही. हिवाळ्यात गाडी उभी करून ठेवणाऱ्यांसाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

प्रत्यक्ष जोडताना

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवावं. बाहेरची वीज, जनरेटर, सोलर, सगळं तोडावं. जुन्या बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा आणि नव्यांना तो शेवटी लावायचा. गाडीचं सगळं धड निगेटिव्हला जोडलेलं असतं. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर तो तिथेच वेल्ड होऊ शकतो.

दोन्ही नव्या बॅटऱ्या जोडण्याआधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज कराव्यात आणि काही तास तशाच ठेवून मल्टीमीटरने मोजाव्यात. विसावलेली भरलेली लेड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ म्हणजे पाव उरली. दोघींत ०.१ व्होल्टहून जास्त फरक असेल तर जोडायच्या नाहीत, एक परत चार्जिंगला. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर घालून प्रत्येक सेल बघितला तर दुकानातूनच खराब आलेली बॅटरी तिथल्या तिथे पकडता येते.

केबलची टोकं नीट दाबून बसवलेल्या लगांची असावीत. नट घट्ट केल्यावर केबल हाताने हलवून बघायची, हलली तर सैल आहे. त्यावर व्हॅसलिनचा हात फिरवला की पांढरी-हिरवी बुरशी धरत नाही, हे आपल्याकडचा इन्व्हर्टरवालाही करतो आणि ॲरिझोनातला मेकॅनिकही. शेवटी पट्ट्याने बॅटऱ्या करकचून बांधायच्या. अपघातात सुटलेली २५ किलोची ॲसिडची पेटी काय करेल, याची कल्पनाही नको.

पहिली चाचणी माळरानावर घेऊ नये. घरासमोर गाडी उभी करून, वीज तोडून, एक पूर्ण रात्र हीटर लावून काढावी. झोपताना व्होल्टेज लिहून ठेवायचं, उठल्यावर पुन्हा. हीटर चालू असताना दिसणारा आकडा थोडा कमी असतो, त्याने घाबरायचं कारण नाही. सगळं बंद करून अर्ध्या तासाने मोजलं की बऱ्यापैकी खरा अंदाज येतो. सकाळी १२.२ किंवा जास्त दिसलं तर हिशेब बरोबर आहे. ११.८ दिसलं तर गाडीत कुठेतरी असं काही चालू आहे, जे यादीत लिहायचं राहिलं होतं. जुन्या गाड्यांत ते बऱ्याचदा टीव्हीच्या अँटेनाचं बूस्टर असतं. कपाटाच्या कोपऱ्यातला त्याचा बारीक लाल दिवा वर्षानुवर्षं जळत असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची नसते. अमेरिकेत नवी बॅटरी घेताना दुकानदार अनामत रक्कम लावतो, जुनी परत आणून दिली की ती मिळते. आपल्याकडे तेच ‘जुनी द्या, इतके कमी करतो’ या भाषेत होतं. आतलं शिसं वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत वापरलं जातं.